डूम, व्हायझर आणि मांजरसुंब्याचा वारा

आपल्या हॉस्टेलांमध्ये दोन विषयांवर आजपर्यंत कधी एकमत झालेलं नाही. एक म्हणजे मेसची डाळ आणि दुसरा म्हणजे गाडी कोणती घ्यावी. डाळीवर लिहून उपयोग नाही, ते तुम्हालाही माहीत आहे. गाडीवर मात्र यंदा फारच चर्चा ऐकली. थर्ड इयरला आलं की घरचे गाडीचं नाव काढतात आणि कॅन्टीनमध्ये लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, "फुल फेअरिंग नसेल तर ती काय गाडी!" दुसरी म्हणते, "प्लास्टिकला कशाला पैसे घालवता राव!" दोन्हीकडचे मेकॅनिकलचे, दोन्हीकडचे हुशार, आणि तरी चर्चा शेवटी लूकवर येऊन थांबते. ज्या वाऱ्यासाठी हे फेअरिंग जन्माला आलं, त्या बिचाऱ्याचं नाव कुणी काढत नाही.

म्हणून हा लेख. आधीच सांगते, माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घावर कुणी रागावू नये. 'टर्ब्युलन्स'ला मराठीत काय म्हणतात ते मी आजीला विचारलं. हाताने हवा फिरवून दाखवली तर म्हणाली, "अगं, वावटळ म्हण की!" परीक्षेत हा शब्द चालेल असं वाटत नाही, पण या लेखापुरता मी तोच चालवणार आहे. आणखी एक गोष्ट. मी गाडी चालवते, पण घरी जाताना जास्त वेळा भावाच्या मागे बसते. गाड्यांवर लिहिणारे बहुतेक जण पुढच्या सीटवरून लिहितात. मागच्या सीटवरून वारा वेगळाच लागतो.

आता वाऱ्याकडे येऊ. पुस्तकातला वारा नेहमी समोरून येतो, बाणाचं चिन्ह काढलेला. बीड जिल्ह्याचा वारा इतका सरळमार्गी नाही. बालाघाटच्या पठारावर पाटोदा, केज भागात पवनचक्क्या उभ्या आहेत. त्या उभारणारे लोक आधी जागेवर खांब रोवून वारा मोजतात, मगच पैसे ओततात. म्हणजे इथे वारा आहे, हे आपल्याआधी त्यांनी मोजून पाहिलं! पावसाळ्यात हा वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो. आता नकाशा डोळ्यासमोर आणा. गेवराई–बीड–मांजरसुंबा–चौसाळा हा महामार्ग साधारण उत्तर-दक्षिण. मांजरसुंब्याला डावीकडे वळून नेकनूर, केज, अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता साधारण पूर्वेकडे. म्हणजे जुलै महिन्यात एकाच प्रवासात आपल्याला दोन वेगळे वारे भेटतात. महामार्गावर आडवा, आणि केजच्या रस्त्यावर जाताना पाठीवर, येताना छातीवर.

छातीवरच्या वाऱ्याचा हिशोब सोपा आहे. वाऱ्याचा जोर हवेच्या वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. हवेचा वेग म्हणजे स्पीडोमीटरवरचा वेग नव्हे. समजा गाडी ७० ने चालली आहे आणि वारा ताशी ३० किलोमीटरचा आहे. अंबाजोगाईकडे जाताना अंगावर हवा येते ४० ची आणि परत येताना १०० ची. काटा दोन्ही वेळा ७० वरच, पण जोर सहापट! उघडी गाडी आणि सरळ बसलेला माणूस धरून, ड्रॅग कोइफिशिअंट आणि समोरचं क्षेत्रफळ यांचा गुणाकार ०.५५ चौरस मीटर घेतला आणि पठाराच्या उंचीवरची थोडी विरळ हवा धरली, तर जाताना साधारण ४ किलोचा जोर येतो आणि येताना २४ किलोचा. अंदाजे हिशोब आहे, पण पट तीच राहते. या २४ किलोच्या विरुद्ध ७० ने जायला सहा अश्वशक्तीच्या आसपास नुसत्या वाऱ्यात जातात. स्प्लेंडरकडे आहेत एकूण आठ. म्हणूनच पावसाळ्यात नेकनूरच्या पुढे "गाडी ओढत नाही" म्हणून लोक कार्बोरेटर साफ करायला लावतात. कार्बोरेटरचा काही दोष नसतो हो!

हा जोर नुसता इंजिनावर येत नाही, चालवणाऱ्याच्या हातावर येतो. वारा छातीला मागे ढकलतो, माणूस पडू नये म्हणून हँडल घट्ट धरतो, आणि घट्ट धरलेलं हँडल म्हणजे डळमळणारी गाडी. शिवाय हा जोर जमिनीपासून मीटरभर उंचीवर लागतो, त्यामुळे पुढच्या चाकावरचं वजन मागच्या चाकावर सरकतं. २४ किलोच्या जोराला ते साधारण २० किलो होतं. त्यात मागे मी बसलेली, माझी बॅग, आणि कॅरिअरला आईने बांधून दिलेलं ज्वारीचं पोतं! पुढचं चाक आधीच हलकं, वाऱ्याने आणखी हलकं. "हँडल हलकं लागतंय" असं भाऊ म्हणतो ते हेच. थोडक्यात, छातीवरचा वारा अडवला की गाडी नीट वळते. फेअरिंगवाल्या पार्टीचा हा मुद्दा खरा आहे आणि तो त्यांनी मांडायला हवा होता. त्याऐवजी ते ग्राफिक्सचे स्टिकर दाखवत बसतात.

आता आडवा वारा. इथे बाजी उलटते. गाडी ७० ने जात असेल आणि आडवा वारा ४० चा असेल तर दोन्ही मिळून हवा साधारण ८० ने, तीस अंशाच्या तिरक्या कोनातून येते. सतत वाहणारा आडवा वारा फार त्रास देत नाही. गाडी आपोआप तीन-चार अंश वाऱ्याकडे झुकते आणि आपण तसेच जात राहतो. त्रास होतो तो वारा अचानक सुटतो किंवा अचानक थांबतो तेव्हा. मांजरसुंब्याच्या घाटात डोंगर कापलेल्या भागातून मोकळ्यावर आलं की एकदम खांद्याला धक्का बसतो. चौपदरीकरणात रस्त्याकडेची जुनी झाडं गेली, त्यांच्याबरोबर आपला आडोसाही गेला. त्या झाडांना कुणी फेअरिंग म्हणत नव्हतं, पण काम तेच करत होती.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे मोठ्या कंटेनरला ओव्हरटेक करण्याची. जुलैमध्ये बीडहून गेवराईकडे चाललो आहोत, वारा डावीकडून आहे, आपण नकळत डावीकडे झुकलेलो. कंटेनरच्या बाजूला आलो की वारा बंद. झुकलेली गाडी कंटेनरकडेच ओढली जाते. आपण सावरून सरळ होतो न होतो तोच कंटेनरचं नाक मागे पडतं आणि वारा पुन्हा फाडकन उजवीकडे, डिव्हायडरच्या दिशेने ढकलतो. चार सेकंदांत दोन उलट धक्के. उसाच्या सीझनला ट्रॅक्टरमागच्या दोन-दोन ट्रॉल्यांशी हाच खेळ होतो. वारा तेव्हा तेवढा नसतो, पण ट्रॉल्या संपता संपत नाहीत, आणि वर पाचट उडून तोंडावर येतं ते वेगळंच.

अशा वेळी गाडीचा जो भाग वाऱ्याला आडवा येतो तो कुठे आहे, हे महत्त्वाचं. बाणाची पिसं मागे असतात, पुढे नसतात. गाडीच्या गुरुत्वमध्याच्या पुढे जितका पत्रा किंवा प्लास्टिक जास्त, तितकं वाऱ्याला गाडीचं नाक फिरवणं सोपं. हे काही मी शोधलेलं नाही. १९५० च्या दशकात युरोपात रेसच्या गाड्यांना पुढचं चाकसुद्धा झाकणारं गोल टोपलं बसवायचे. त्याला 'डस्टबिन फेअरिंग' म्हणत, म्हणजे चक्क कचऱ्याचा डबा! इटलीच्या मोटो गुझी कंपनीने मांडेलो देल लारिओ या गावी आख्खी गाडी मावेल असा विंड टनेल बांधून अशी फेअरिंगं तयार केली. सरळ रस्त्यावर गाड्या भन्नाट पळायच्या. आडव्या वाऱ्यात मात्र त्याच गाड्या रस्ता सोडायच्या. शेवटी १९५८ च्या सीझनपासून आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यावर बंदी घातली. आज रेसच्या गाड्यांचं पुढचं चाक उघडं दिसतं ते त्या बंदीमुळे.

रस्त्यावर लांब पल्ला मारणाऱ्यांसाठी फेअरिंग नीट मोजूनमापून केलं ते बीएमडब्ल्यूने. १९७६ च्या त्यांच्या आर १०० आरएस गाडीचं फेअरिंग पिनिनफरिना या इटालियन डिझाइन कंपनीच्या विंड टनेलमध्ये घडवलं होतं. त्यात नुसता वेग बघितला नाही. चालवणाऱ्याच्या हात-पायांवरून हवा कशी जाते तेही बघितलं, आणि फेअरिंग हँडलवर न बसवता चेसिसवर बसवलं. मला वाटतं, आपल्या कॅन्टीनमधल्या भांडणाचा निकाल या शेवटच्या वाक्यात आहे.

कारण फेअरिंग केवढं यापेक्षा ते कशावर बसवलं आहे, हा प्रश्न मोठा. आपल्याकडे गॅरेजवाले हेडलाइटभोवतीच्या भागाला डूम म्हणतात. पल्सर १५० चं डूम हँडलबरोबर फिरतं. पल्सर २२० चं फिरत नाही, ते चेसिसवर आहे. २००३ च्या करिझ्माचंही तसंच. कधी हँडल वळवून बघा, लाइट समोरच राहतो. नवख्याला पार्किंगमध्ये ते विचित्र वाटतं. हँडलबरोबर फिरणाऱ्या डूमवर वाऱ्याचा धक्का बसला की तो थेट स्टिअरिंगमध्ये जातो. कंपनीने दिलेलं डूम लहान असतं म्हणून ते खपून जातं. पण त्याच्यावर आपण बाजारातून आणलेला दीड फुटी ॲक्रिलिकचा पारदर्शक व्हायझर चार क्लॅम्पने आवळतो, तेव्हा आपण हँडलला शीड बांधलेलं असतं. समोरच्या वाऱ्यात छान वाटतं. मग मांजरसुंबा येतो.

पंधरा वर्षांपूर्वीच्या गाड्या आजही आपल्या जिल्ह्यात एवढ्या का टिकून आहेत, याचं एक कारण मला इथे सापडतं. २००७ ला आलेली पल्सर २२० मध्ये बंद झाली होती, २०२३ ला पुन्हा विक्रीला आली. तिचं अर्धं फेअरिंग, थोडं उंच हँडल, छातीपर्यंत आडोसा, बाजूला इंजिन उघडं. टूरिंगची गाडी म्हणून कुणी तिची पूजा करणार नाही, पण बीड–पुणे करणाऱ्यांना ती का आवडते ते मागे बसून कळतं. उलट यामाहा आर १५ सारखी फुल फेअरिंगवाली गाडी (२००८ पासून आपल्याकडे आहे) खरोखर उत्तम बनवलेली आहे, पण तिचं फेअरिंग टाकीवर आडवं झालेल्या माणसासाठी आहे. पाठ वाकवून हनुवटी टाकीला लावली तर वारा डोक्यावरून जातो. पाठीवर सॅक, पायावर डबा आणि मागे बहीण घेऊन टाकीवर कोण आडवं होणार? सरळ बसलं की त्या बुटक्या काचेवरून उडालेली हवा नेमकी छातीवर नाहीतर हेल्मेटवर आदळते. पैसे दिले वाऱ्यापासून वाचायचे आणि विकत घेतली वावटळ!

या वावटळीबद्दल थोडं सविस्तर सांगते. काचेच्या वरच्या कडेवरून हवा सुटली की मागे भोवरे तयार होतात. काच उंच असली म्हणजे त्रास कमी असं नसतं. कड जर तुमच्या हेल्मेटच्या बरोबर समोर आली तर भोवरे हेल्मेटला थडाथड हलवतात आणि आवाज इतका होतो की बीडला पोचल्यावर अर्धा तास कानात शिट्टी वाजते. काच बुटकी असली तर छातीवर वारा लागतो पण हेल्मेट स्वच्छ हवेत राहतं, डोकं शांत. म्हणून काही कंपन्या काच वरखाली करता येईल अशी देतात. २०२३ च्या करिझ्मा एक्सएमआरला ती सोय आहे. बजाजच्या डॉमिनार ४०० ला ऑक्टोबर २०२१ पासून उंच व्हायझर आणि हातांपुढे आडोसा कंपनीतूनच बसवून येऊ लागला. तो व्हायझर संगणकावर हवेचा प्रवाह सोडवून, म्हणजे सीएफडी वापरून, केल्याचं कंपनी सांगते. जे सॉफ्टवेअर आपण सबमिशनच्या आदल्या रात्री सीनियरची फाइल उघडून चालवतो, तेच!

आणि मागची सीट? स्पोर्ट गाड्यांमध्ये मागची सीट पायरीसारखी उंच असते. पुढच्याच्या डोक्यावरून गेलेली हवा मागच्याच्या तोंडावर येते. फेअरिंगचा फायदा पुढच्याला, वावटळ मागच्याला. ओढणी, केस, बॅगेचे पट्टे सगळं फडफडतं. मग मागचा माणूस वाऱ्यापासून वाचायला डोकं एकदा डावीकडे एकदा उजवीकडे काढतो आणि पुढचा ओरडतो, "हलू नको गं!" अहो, मी हलत नाही, हवा हलवतेय! आपल्या भागात गाडी एकट्याची नसते. शनिवारी मुलगा घरी गेला की रविवारी तीच गाडी वडील शेतात नेतात, फवारणीचा पंप मागे बांधतात, आईला बाजाराला नेतात. दूधवाल्या काकांच्या गाडीला दोन्हीकडे कॅन असतात. सकाळी भरलेले कॅन असतात तेव्हा गाडी वाऱ्याला दाद देत नाही. परत येताना कॅन रिकामे, बाजूचं क्षेत्रफळ तेवढंच पण वजन गेलेलं. मग त्याच वाऱ्यात तीच गाडी डोलते. असा हिशोब कोणत्याच ब्रोशरमध्ये नसतो. ब्रोशरमधला माणूस नेहमी एकटा असतो आणि त्याच्याकडे सामान नसतं.

बीड शहरात रेल्वे पोचली १७ सप्टेंबर २०२५ ला. तोपर्यंत आपल्या आई-वडिलांची सगळी धावपळ एसटी आणि दुचाकीवर झाली. वाऱ्यावरचे त्यांचे उपायही साधे. डिसेंबरच्या पहाटे जर्किनच्या आत छातीला वर्तमानपत्र लावणारे काका तुम्ही पाहिले असतील. मला विचाराल तर जिल्ह्यातलं सगळ्यात स्वस्त फेअरिंग तेच. थंडी अडवतं, बाजूचं क्षेत्रफळ वाढवत नाही, आणि पोचल्यावर वाचताही येतं.

नेकेडवाल्या पार्टीचे प्लास्टिकबद्दलचे मुद्देही हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. मे महिन्यात पारा चाळीसच्या वर असताना फुल फेअरिंगच्या आतून येणारी इंजिनाची गरम हवा नडग्यांवर बसते. गाडी नुसती स्टँडवरून पडली तरी पॅनलचा लॉक तुटतो, आणि एक पॅनल मागवलं तर महिन्याच्या मेसचं बिल निघतं. गावाकडचा मेकॅनिक दोन वेळा पॅनल काढून बसवतो, तिसऱ्या वेळी केबल टाय आणि फेविक्विक! सैल झालेलं पॅनल वाऱ्यात थरथरायला लागलं की हँडलिंगची चर्चाच संपली.

तर माझं मत असं. आपल्या रस्त्यांसाठी, आपल्या साठ ते ऐंशीच्या वेगासाठी, मागे माणूस आणि सामान असताना, चेसिसवर बसवलेलं, छातीपर्यंत येणारं, बाजूने उघडं अर्धं फेअरिंग सर्वांत बरं. ते मिळत नसेल तर उघडी गाडी आणि चांगलं फुल-फेस हेल्मेट. फुल फेअरिंग तिसऱ्या नंबरवर. आणि हँडलला क्लॅम्पने बांधलेला उंच व्हायझर यादीतच नको. काच बसवायचीच असेल तर तिच्या वरून बघता आलं पाहिजे, तिच्यातून नव्हे. धुळीने आणि किड्यांनी माखलेल्या काचेतून संध्याकाळी समोरचा ट्रॅक्टर दिसत नाही, त्यातून ट्रॉलीला मागे लाल दिवा नसतोच.

सर्वांना हे पटेल असं नाही. पटू नये म्हणूनच एक सुचवते, विशेषतः आमच्या डिपार्टमेंटच्या सरांना. दरवर्षी फायनल इयरला तीच ती प्रोजेक्ट होतात, आणि लॅबमधला छोटा विंड टनेल व्हायवाच्या दिवशी कव्हर काढून दाखवला जातो. त्याऐवजी दोन-तीन गाड्या घ्या. डूमवर, टाकीवर, चालवणाऱ्याच्या जर्किनवर लोकरीचे बोटभर तुकडे चिकटपट्टीने लावा. शेजारच्या गाडीवरून व्हिडिओ काढा. जिथे धागे सरळ मागे वाहतात तिथे हवा चिकटून जाते, जिथे ते वेड्यासारखे गोल फिरतात तिथे वावटळ. मग पहाटे वारा पडलेला असताना मोकळ्या सपाट रस्त्यावर ७० ला क्लच दाबून न्यूट्रल करा आणि ४० ला यायला किती सेकंद लागतात ते मोजा. जाताना एकदा, येताना एकदा, म्हणजे चढ-उताराचा फरक निघून जाईल. व्हायझर लावून आणि काढून, मागे माणूस बसवून आणि न बसवता, तीच गोष्ट दहा वेळा करा. खर्च लोकरीचा आणि पेट्रोलचा. त्यात जो आकडा येईल तो कॅन्टीनच्या भिंतीवर लावू.

मुलांच्या हॉस्टेलमध्ये कुणाकडे डॉमिनार किंवा जुनी करिझ्मा असेल तर नाव मॅगझिनच्या संपादकांकडे द्या. मागच्या सीटवर धागे बघायला मी येते. रेक्टर मॅडमची परवानगी मी काढते, हेल्मेट माझं स्वतःचं आहे, आणि चालवणाऱ्याने "हलू नको" म्हणायचं नाही, एवढी एकच अट.